दोन इंचांचा ट्रिगर

पिशवी हातात देताना नाना पेठेतले मुनीरभाई
एवढंच म्हणाले, "लहान आहे, पण चावतो."

धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर
समुद्र मीच कालवते.
गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारी रात्री,
बादलीत, मीठ वजन करून.

मोठ्या टाकीत मोकळा सोडला
तर पिवळ्या टँगची शेपटी गेलीच.
बरणीत ठेवला तर सकाळपर्यंत पाणी विटेल.
शेवटी भाजी निथळायची प्लास्टिकची चाळणी
काठाला दोऱ्यानं बांधली.
पाणी तेच, मधे फक्त भोकं.

पहिल्या दिवशी त्यानं चाळणी कुरतडली,
दुसऱ्या दिवशी माझं बोट.
मीठ झोंबलं. मी "शाब्बास" म्हणाले,
का ते माहीत नाही.

टँग रोज येतो, भोकातून बघतो, जातो.
सुमतीबाई विचारतात, "शिक्षा केलीय का त्याला?"

रात्री प्लंबरनं टाकून दिलेल्या
पाइपच्या तुकड्यात तो शिरतो,
पाठीचा काटा ताठ उभा करतो,
आतून कडी घातल्यासारखा.
मग ओढूनही निघत नाही.
तेवढ्यापुरता दोघांनाही डोळा लागतो.

वाढला की सहा फुटांची टाकी लागेल.
घरमालकांना अजून
दोन फुटांचीच माहीत आहे.