कडता

अभिनंदननं जेवणाच्या टेबलावर
भडंगाचे दोन ढीग केले.
"हा घोडा जिंकणार म्हणून लावायचा, बाबा,
आणि हा, जिंकणार नाही म्हणून.
घोडा पळो नाहीतर पडो,
आपण काट्याच्या मधोमध."
मग मध्ये एक शेंगदाणा ठेवला.
"आणि हा पेढीवाला फुकट देतो,
नव्या गिऱ्हाइकाला चटक लागावी म्हणून.
हा तेवढा आपला."

मी एकोणचाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.
हळदीची पोती चढली, उतरली,
सौदे रुमालाखाली झाले, बोटांनी,
लाखांची उलाढाल माझ्या नाकासमोर
आणि माझ्या हाताला नुसता पिवळा रंग.
मापात पाप केलं नाही, म्हणून
दोन खोल्या, वर पत्रा, आणि हा एक पोरगा.
त्याला विचारलं,
"कडता किती?"
तो बघतच राहिला.
"शंभराला दोन. पण बाबा,
हे तुम्हाला कसं सुचलं?"
अरे, पोतं आलं की बारदानाचं वजन आलंच.

कुसुम ओट्यापासून म्हणाली,
"सात व्यसनांत पहिलं कुठलं, विचारा त्याला."
"जुगारात हरायची भीती असते, आई.
यात हरणंच नाही."
"मग जिंकणं तरी कुठनं येतं?"
यावर तो हसला,
शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

त्रिशलाला मिरजेच्या दवाखान्यातून
लीड्सच्या दवाखान्यात नोकरी लागली होती.
हा तिच्या कागदावर, नवरा म्हणून.
इथं चालत नाही ते तिथं कायद्यानं चालतं,
म्हणून पतसंस्था सोडली,
वहीत चौकटी आखल्या,
महिन्याला एवढे, वर्षाला तेवढे.
निघायच्या आदल्या संध्याकाळी
आम्ही आयर्विन पुलावर उभे.
खाली कृष्णा, गुडघाभर,
आणि खांबावर पुराच्या फुटांचे आकडे.
म्हटलं, "भडंगवाला मूठभर चाखायला देतो.
रोज नुसतं चाखूनच जाणारा आला
तर किती दिवस देईल?"
"दुकानं पुष्कळ आहेत, बाबा."

पुष्कळ म्हणजे तेवीस निघाली.

पहिला उन्हाळा बरा गेला.
फोनवर आकडे सांगायचा, मी पाटीवर लिहून ठेवायचो.
कुसुमचा आनंद वेगळाच:
तिथं साडेनऊला दिवस मावळतो,
पोरगा उजेडात जेवतो.
मग एकेका पेढीचं पत्र यायला लागलं,
यापुढे आपल्याला एका वेळी
दहा पेन्सच लावता येतील.
"का रे, लबाडी केलीस?"
"नाही बाबा. मी हरत नाही, म्हणून."

हे यार्डात कधी पाहिलं नव्हतं.
उधारी बुडवणाऱ्याला हाकललेलं पाहिलं,
पोत्यात दगड घालणाऱ्याला तर मारलेलंही.
पण हरत नाही म्हणून?
मग तो शेंगदाणा काय होता,
माल का बारदान,
रात्रभर तोलत पडलो.

नंतर त्यानं त्रिशलाच्या नावानं खाती उघडली.
मग तिच्या वॉर्डातल्या केरळच्या मैत्रिणीचं नाव मागितलं.
त्रिशला नाही म्हणाली.
हे तिनंच सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यातून,
हळू आवाजात. तो बोलला नाही.

आता गोदामात जातो, रात्रपाळीला,
पार्सलं काट्यावर ठेवतो.
"डिजिटल आहे, बाबा. कडता आपोआप वजा."
एवढं म्हणाला आणि गप्प झाला.
मीही.

कुसुमनं फोन ओढून घेतला.
"डिसेंबर लागला. आता दिवस कधी मावळतो रे तिकडं?"
"पावणेचारला."
"आणि तू उठतोस कधी?"
"चारला, आई."
ती काही बोलली नाही.
फोन कानाला तसाच,
आणि पदराखाली बोटं
एकेक मोजत होती.