पाचवा खिसा

जीन्सला खिसे पाच.
चार तुम्हाला माहीत आहेत, हात तिथे आपोआप जातात.
पाचवा उजव्या खिशाच्या पोटात, बटव्यात बटवा तसा.
तो मी शिवते.
मासेरूत, थेट्सानेच्या पत्र्याखाली, सात नंबरच्या ओळीत,
तासाला एकशे वीस.

त्यात काय ठेवतात, मला कुणी सांगितलेलं नाही.
पूर्वी म्हणे साखळीचं घड्याळ ठेवत.
माझ्या वडिलांकडे होतं एक.
सोन्याच्या खाणीने दिलेलं नव्हे,
खाणीतून काढलं त्या आठवड्यात
त्यांनीच वेल्कमच्या बाजारात घेतलेलं.
म्हणाले, आता वेळ आपली.
वेळ पुष्कळ होती. खोकलाही पुष्कळ होता.

जुलैत फाटकाबाहेर अंधार असतो.
ब्लँकेट पिनेने आवळून बायका उभ्या,
कामावरच्या आणि काम मागायला आलेल्या,
थंडीत कळत नाही कोण कुठली.
मुकादम बोट दाखवतो: तू. तू. तू नाही.
जिला नाही म्हटलं ती लगेच जात नाही.
तेवढ्यात कुणी आजारी पडेल, तिला वाटतं.
कधीतरी पडतंही.

मजुरी मंडळाने लिपुओला बोलावलं.
लिपुओ म्हणजे आमच्या भाषेत बोलणं.
तिने कागद नेला होता: मक्याचं पीठ, रॉकेल,
जाण्यायेण्याची टॅक्सी, शाळेचे बूट
(थोरल्याचे. धाकटा तेच पुढच्या वर्षी घालतो).
साहेबांनी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.
म्हणाले, बाई, देशाच्या खिशालाही परवडायला हवं.
मालकाचा वकील म्हणाला, ऑर्डर म्हणजे पाखरू,
फांदी हलवलीत की उडालं.
मग चहा आला.
लिपुओ परतली आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी, पापाचा घास तोंडात असतानाच,
मान्थाबिसेंग म्हणाली:
अख्खं फाटक बंद करायची ताकद आपल्यात नाही.
मागच्या वेळी गोळ्या रबरी होत्या,
गुडघा माझा खरा होता.
पण पाचव्या खिशाच्या आपण नऊजणी आहोत.

एवढंच ठरलं.
सोमवारी नऊ मशिनी गप्प.
हात मांडीवर ठेवून बसलो, चर्चमध्ये बसतो तशा.
बाकी ओळ चालू होती, कुणाला अडवलं नाही.
सुपरवायझर आधी ओरडला, मग हसला.
त्या चिंधीवाचून काय अडतंय? जाऊ द्या तशाच.

गेल्या तशाच. तीन दिवस, चार दिवस.
डरबनच्या बंदरात तपासनीसाने खोकं उघडलं,
तरणा पोरगा होता म्हणे, हातमोजे घातलेला.
उजव्या खिशात त्याने बोट घातलं
आणि बोट कशालाच अडलं नाही.

अख्खा कंटेनर परत.
ज्यात कुणी काही ठेवत नाही
त्याच्यावाचून.

लोक विचारतात, खिशात एखादी चिठ्ठी टाकायची होतीत,
परदेशात कुणीतरी वाचली असती.
काय लिहायचं होतं? आम्ही आहोत?
टाके सरळ आहेत, त्यावरून कळायला हवं.

ऑगस्टअखेर नऊपैकी दोघींना काढलं.
पुसेलेत्सोची चिंध्या भरलेली गादी
अजून तिच्या स्टुलावर आहे,
नवी मुलगी ती जमिनीवर ठेवते
आणि नुसत्या लाकडावर बसते.
तिला कुणी सांगितलं नव्हतं तसं.

वाढ गॅझेटात आली.
लिपुओने फाटकाशी उभं राहून वाचली,
कलम, पोटकलम, लागू होण्याची तारीख.
आवाज मध्ये एकदाच अडकला, आकड्यापाशी.

पगाराच्या दिवशी मी वाढीचे तेवढे पैसे वेगळे काढले,
एक नोट, चार घड्या घालून, आणि नाणी,
आणि मशीनवरच्या खिशात घालून पाहिले.

बसले बरोबर.
जरा जागाही उरली.