खुळखुळा

तोआदेर फुलांना नावं ठेवत नाही,
दोन्ही अर्थांनी.
त्याच्या लेखी उतारावर उगवतं ते सगळं गवत.
पांढरं गवत, निळं गवत,
आणि एक पिवळं, ज्याला गाय तोंड लावत नाही.

मी पादोव्यात, चौथ्या मजल्यावर,
सिन्योरा एल्दाच्या गोळ्या
वार लिहिलेल्या डबीत भरता भरता
फोन खांद्याशी दाबून विचारते,
"वरच्या कुरणात काय काय आलंय?"
"गवत. गुडघ्याच्या वर."
"अरे, पण कुठलं?"

मग तो चढतो. मला त्याची धाप ऐकू येते.
"ते आहे, तुझ्या लग्नातल्या जाकिटाच्या रंगाचं."
म्हणजे घंटाफूल.
"ते, जे दारूत मुरवून तू माझ्या गुडघ्याला चोळायचीस."
म्हणजे आर्निका. आणि गुडघा अजून दुखतोय,
ते तो सांगत नाही.
"झऱ्यापाशी एक जांभळं, ठिपक्याठिपक्यांचं. एकच."
मी होते तेव्हा तीन होती.

सात उन्हाळे झाले.
इथे बाल्कनीत जिरेनियम आहेत, लालभडक, शिस्तीतली.
त्यांना मी पाणी घालते, बोलत नाही.
एल्दा मला कधी आन्ना म्हणते,
कधी तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते.
मी दोन्हीला ओ देते.

"विळा कधी लावू?"
हे आधी त्याची आई सांगायची, मग मी.
"खुळखुळ्याला विचार."
पिवळी फुलं एव्हाना गळून गेली असतील,
देठावर नुसत्या कोरड्या डब्या, आत चपटं बी.
ते वाजलं की कुरण तयार.
त्याआधी कापलंस तर पुढच्या वर्षी
माती तोंड फिरवून बसेल.

तो खाली बसतो. गुडघा कटकन वाजतो.
फोन गवतात जातो.
आधी वारा, मग टोळ,
मग त्याच्या जाड बोटाची टिचकी,
आणि मग ते,
बारीक, कोरडं, अगदी कानाच्या आत.

आतल्या खोलीतून एल्दा विचारते,
"बाळ उठलं का?"
"उठलं," मी म्हणते.

"उद्या काप," मी त्याला सांगते,
"झऱ्यापाशी मात्र वावभर सोड."
तो का म्हणून विचारत नाही.
घराशी उतरून पातं ठोकायला बसतो,
फोन बंद करायचा विसरतो.

टक्. टक्. टक्.
गुरुवारच्या कप्प्यात माझ्या हातून
दोन गोळ्या पडल्यात.
एक काढून घेते.