किमान

आकाशवाणी सांगते : विदर्भात उद्या हवामान कोरडं,
किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी घट,
सातपुड्याच्या पायथ्याशी तुरळक ठिकाणी धुकं.
आम्ही पायथ्याशी नाही.
आम्ही त्या वाक्याच्या वर राहतो,
परतवाड्याची एसटी जिथं दुसऱ्या गिअरवर कण्हत येते
आणि कधी कधी येतच नाही.

बिबाडोहच्या आश्रमशाळेमागं
चार पायांवर उभी एक पांढरी पेटी माझ्या ताब्यात आहे.
झडपांची. वारा शिरेल, ऊन शिरणार नाही अशी.
रोज साडेआठला मी तिचं उत्तरेचं दार उघडतो.
आत काचेच्या नळीत एक बारीक काळी सळई.
गारठा वाढला की स्पिरिट तिला मागं ओढत नेतं
आणि ऊब आली की तिथंच टाकून एकटं पुढं जातं.
रात्रीनं जिथवर नेलं तिथं ती पडून राहते,
कोणी येऊन वाचेपर्यंत.
मी वाचतो. वहीत लिहितो. फोन करतो.
मानधन मिळतं, उशिरा.

सोमजी हेकडेंना पेटी लागत नाही.
म्हशी पहाटे एकमेकींना चिकटून बसल्या
की ते म्हणतात, "आता पांढरं पडते बाप्पा,"
आणि दुसऱ्या दिवशी नाल्याकाठच्या गवतावर
दहिवर गोठलेलं असतं, मीठ सांडल्यासारखं.
त्यांचा अंदाज माझ्या माहितीत दोनदा चुकला.
नागपूरचा किती वेळा, ते मी मोजत नाही.
नोकरी आहे.

यंदा दिवाळीची सुट्टी संपवून पोरी परत आल्या
आणि ब्लँकेटं अजून अचलपूरच्या गोदामात आहेत म्हणे.
एका गादीवर तिघी निजतात.
सहाच्या प्रार्थनेला सिमेंटवर अनवाणी,
एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून.
साहेब आले तेव्हा जीपमधूनच म्हणाले :
सलग तीन दिवस आठाच्या खाली गेलं
तर शाळा दहाची करू. कागद दाखवा.

तेव्हापासून सातवीतली सुगरती बेठेकर
नाश्त्याच्या सुट्टीत माझ्या मागं येते.
"भाऊ, किती?"
आठ पूर्णांक चार.
"आज?"
नऊ पूर्णांक एक. ढग होते रात्री.
"आज?"
आठ पूर्णांक दोन.
ती पेटीकडं बघते, मग माझ्या पेनाकडं.
"जरासं खाली लिवलं तं कोनाले समजते?"

कोणालाच नाही.
डोळा किंचित वर नेला की रेघ बदलते,
तीन दशांश म्हणजे काय, पापणीएवढं अंतर.
मी आठ पूर्णांक दोनच लिहिलं.
का, ते तिला सांगता आलं नाही. मलाही नाही.
त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

आणि त्या रात्री मी,
ज्याला दोन वाकळा पुरत नाहीत,
अंगणात उभा राहून थंडी मागत होतो.
वारा पडलेला. ढगाचा ठिपका नाही.
अशा रात्री जमीन आपली सगळी ऊब वर सोडून देते,
हे मला शिकवलं होतं अमरावतीच्या एका हॉलमध्ये,
पंख्याखाली, मे महिन्यात.
जाऊ दे, म्हणत होतो, अजून जाऊ दे.
आणि वसतिगृहातून कोणाचा तरी खोकला ऐकू आला की
थांबत होतो म्हणायचा.

सकाळी हेकडेंच्या म्हशी चिकटून होत्या.
पायाखाली गवत मोडल्याचा आवाज येत होता.
सहा पूर्णांक सहा.
मी मोठ्यानं वाचलं.
सुगरती हसली, तोंडातून वाफ, दात वाजताहेत.
"एक झाला," म्हणाली, "दोन ऱ्हायले."

मी नळी तिरपी केली.
सळई घसरत आली आत्ताच्या उबेपाशी,
पुन्हा मागं जायला मोकळी.