मोकळी लांबी

आधी गार होऊ दे, राजेशममामा म्हणायचे.
मे महिना, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, डोक्यावर पत्रा,
आणि तू खिडकीच्या उन्हातलं व्हर्निअर उचलतोस?
ते आज खोटं बोलणार.

मग फडकं, रॉकेलचा बोळा.
सोळा वर्षांचं तेल, सुताची कसर, गंजाची साल;
सालीसकट मोजलीस तर सालच मोजलीस.

भूदेवी कोंड्याल दारातच उभी.
डब्यातून, भाकरीखालून काढली तिनं स्प्रिंग.
"धोटा पेटीत ठरत नाही, उलटा उसळतो.
अशीच करून द्या. हुबेहूब."

अशीच, मामा पुटपुटले. मला खूण केली: लिही.

तार. टोकाला मोजू नकोस, तिथं कापल्याची बोच असते.
मधल्या वेढ्यावर धर. आवळू नकोस.
रॅचेटला बोलू दे: टिक, टिक, टिक, झालं.
दोन मिलिमीटर. पुन्हा घे. दोन.
"एका दशांशाची चूक झाली तर?"
एका दशांशाचा फरक पडेल, मी म्हटलं.
मामांनी विझलेलीच विडी ओढली.
"जाडी स्वतःशीच चार वेळा गुणली जाते, पोरा.
कागदावर केसाएवढी चूक,
तिकडे जोर पाचव्या हिश्श्यानं जास्त,
धोटा पेटीतच अडकला, आणि शिव्या आपल्याला."

बाहेरचा व्यास तीन जागी घेतला. अठरा, अठरा,
खाली अठराला थोडा जास्त. तोही लिही. लपवायचं काय त्यात?
वळण उजवं.
वेढे नखानं मोज; डोळा एखादा गिळतो.
अकरा. त्यातले दोन, टोकांचे, घासून बसवलेले,
नुसते उभं राहण्यापुरते.
उरलेल्या नवांना आमच्यात जिवंत म्हणतात.

शेवटी लांबी. पाट्यावर उभी केली,
जबडे मिटवले, साडेपंचेचाळीस.
"मेल्लगा," मामा म्हणाले, "मेल्लगा. दाबलीस तू.
जबडे एवढेच मिटव, की तिला कळू नये.
सरकवून बघ. अडखळली तर ते माप तुझ्या अंगठ्याचं."
सोडली, पुन्हा धरली. शेहेचाळीस.

"बाई, नवी होती तेव्हा केवढी होती?"
"मला काय ठाऊक? तेव्हा माग हे चालवायचे."
मग थोडं थांबून,
"दोन आल्या होत्या त्या वेळी. दुसरी घरी आहे, खिळ्याला.
तिच्या वेढ्यांत लाईटची बिलं खोचते मी."

पोरगा सायकल मारत दत्तनगरला गेला,
घामानं निथळत परत आला. एक बिल अजून वेढ्यात होतं,
मामांनी ते घडी करून तिच्या हातात दिलं, वाचलं नाही.

पन्नास.

दोघींवर पाच-पाच किलोचं वजन ठेवलं.
दोघीही खाली गेल्या साडेअकराच.
मला वाटलं होतं, जुनी जास्त दबेल.
"ताकद तेवढीच आहे," मामा म्हणाले,
"उंची गेली फक्त. दाबून दाबून बसली ती, उठायची विसरली.
तुझ्या मापानं केली असती, हुबेहूब,
तर पहिल्या दिवसापासून सोळा वर्षांची निघाली असती."

भूदेवीनं दोघी शेजारी उभ्या केल्या,
धाकटीच्या डोक्यावर करंगळी आडवी ठेवली,
वर थोडी जागा उरली का ते पाहिलं.
"एवढ्यासाठी?"
"एवढ्यासाठीच. आता करायची कशाला? खिळ्यावरची लावा."
"आणि बिलं?"
"ही न्या. कागदाला काय जोर लागतो."

गेली ती. दुपारी दोनला वीजही गेली.
अर्धा दिवस मोजलं, आणि गिऱ्हाईक
आपलीच स्प्रिंग घेऊन फुकटात परतलं!
मी वही पुढे केली: तार दोन, व्यास अठरा,
वेढे अकरा, जिवंत नऊ, मोकळी लांबी
शेहेचाळीस खोडून पन्नास.
दराचा रकाना रिकामा.

मामांनी चष्मा वर सरकवला,
खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.
"हा खोडू नकोस. दोन्ही राहू देत."