शेऱ्याचा रकाना

सकाळी सातला मी खांबावरच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडते,
चष्मा पदराला पुसावा तसा स्वेटरला पुसते,
पारा वाचते.
कालचं कमाल एक्क्याऐंशी, फॅरनहाइट.
मार्चची चौथी तारीख. नेब्रास्का.
पर्जन्यमापकात एक मेलेला भुंगा आणि चिमूटभर धूळ.
दोन्ही मोजायची सोय नाही.

हे काम बिनपगारी.
आधी मिलोचं होतं, सव्वीस वर्षं.
तो गेल्यावर हवामान खात्यातला एक मुलगा पेटी न्यायला आला,
दोन कप कॉफी प्यायला
आणि पेटी जागच्या जागी ठेवून गेला.
तेव्हापासून पेन्सिल माझ्याकडे.

रेडिओवर तीन महिन्यांचा अंदाज सांगतात:
सरासरीहून उष्ण असण्याची शक्यता साठ टक्के,
पावसाचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच,
म्हणजे आम्हाला ठाऊक नाही, हे सांगायची सभ्य रीत.
आज दुपारनंतर दक्षिणेचा वारा,
झोत ताशी पंचावन्न मैलांपर्यंत.
काहीही पेटवू नका.

गाव मात्र खुशीत.
पोस्टातली लोरेटा बिनबाह्यांच्या फ्रॉकात,
पोरं पाण्याच्या टाकीखाली अनवाणी,
आणि चर्चच्या पायरीवर खुद्द फादर आइस्क्रीम चाटतायत,
ऐन उपासाच्या दिवसांत.
असा मार्च कुणाला नको, म्हणतात सगळे,
आणि माझ्याकडे बघतात,
जसा काही मीच मागवलाय.

मला हे ऊन पचत नाही.
अंगणातल्या जर्दाळूच्या कळ्या फुगल्यात, टोकं गुलाबी.
पूर्वी मी त्याच्या बुंध्याशी फावड्याने बर्फ ओढायचे,
मिलो सांगायचा, गार राहू दे, झोपू दे त्याला एप्रिलपर्यंत.
यंदा ओढायला बर्फ कुठाय?

दीडला वारा येतो.
आधी गवताला कळतं, मग गोठ्याच्या पत्र्याला,
मग दातांना.
वाळकी काटेरी झुडपं गडगडत येऊन
कुंपणाला अशी बिलगतात की कुंपणच वाकतं.
रस्ता आहे की नाही, ते आता
फक्त ट्रकच्या दिव्यांना माहीत.

त्या धुरळ्यातून ड्वेन प्रोखास्का येतो, टोपी हाताने दाबून.
नाल्याकडचं गवत तेवढं जाळून टाकतो, म्हणतो,
संध्याकाळी, वारा पडला की.
पडणार नाही, मी म्हणते.
तुला गं काय माहीत?

मी भांडत नाही. वह्या काढते.
मिलोचं अक्षर, मुंग्यांची रांग:
मार्च चार, एक्क्याण्णव. बर्फ चौदा इंच.
वासरू बाथटबमध्ये. आर्लीन रागावली.
(मी रागावले नव्हते. टॉवेल संपले होते.)
पानं उलटते. मार्च अकरा, दोन हजार.
ऊन. वारा दक्षिण. प्रोखास्कांचं कोठार गेलं.
एवढंच.
घोड्यांबद्दल त्याने लिहिलं नाही,
रकाना बोटभर रुंदीचा.

ड्वेन ती ओळ बोटाखाली धरून उभा राहतो.
तेव्हा तो नववीत होता.
आमच्या स्वयंपाकघरात याच टेबलाशी बसून
रात्रभर दूध ढवळत राहिला होता, प्यायला नाही.
आता खिशातून आगपेटी काढतो,
साखरेच्या डब्याशेजारी ठेवतो
आणि दार दोन्ही हातांनी ओढून घेऊन जातो.

रात्री दहाला पारा एकोणसत्तर.
खिडक्या बंद, तरी पावात वाळू लागते.
नदीवरचे क्रौंच ओरडत असतील,
वारा त्यांचा आवाज कॅन्ससला जायच्या ऐवजी
उलटा कुठे तरी डकोटात नेऊन टाकत असेल.
पूर्वेला एक लालसर पट्टा दिसतो, मी उभीच राहते;
चंद्र निघतो, धुळीने माखलेला.

मग लिहिते: वारा. ड्वेनने गवत जाळलं नाही.

हे हवामान नाही हो, तो खात्यातला मुलगा म्हणेल.
खोडरबर हाताशी आहे.
आगपेटीही.
मी ती उचलून हलवून बघते,
चार-पाच काड्या असतील आत,
आणि फ्रीजवर ठेवते,
मिलो वासरांची औषधं ठेवायचा तिथे.