बिनचरबीचा खिमा

मुश्ताकनं सुरी खाली ठेवली.
"चरबी अजिबात नको? भाभी, घरी कोणी आजारी आहे?"
म्हटलं, आजारी नाही, स्टेंट आहेत. दोन.
त्यानं अशी मान हलवली, जणू मी त्याच्या दुकानात येऊन
भोपळा मागितला होता.

भोपळा पिशवीत होताच. दुधी.
गोपी टँकच्या मंडईतला, कोवळा, नखानं तपासून घेतलेला.
तो किसायचा, पिळायचा, खिम्यात असा जिरवायचा
की विद्याधरला कळता कामा नये.
अडतीस वर्षांत त्याच्यापासून लपवलेल्या गोष्टींत
ही सगळ्यात हिरवी.

चक्का सकाळीच टांगला होता नळाला, मलमलच्या फडक्यात.
कामाच्या शेवंताबाईंनी विचारलं, श्रीखंड? आज काय आहे?
आज बुधवार आहे.
चक्क्यात काकडी, लसूण, मीठ, लिंबू.
हात सवयीनं साखरेच्या डब्याकडे गेला
आणि तसाच परत आला.

ओरेगॅनो पिझ्झाच्या पुड्यांतला,
फ्रीजवरच्या वाटीत नातवंडांच्या दोन सुट्ट्या साठलेला.
ऑलिव्हचं तेल आमच्याकडे बाळांच्या अंगाला लावायचे,
औषधाच्या दुकानातून आणलेल्या इवल्याशा बाटलीतलं.
आता चमच्यानं मोजते. एक. तोही सपाट.
शिळा पाव दुधात भिजवून कुस्करला, पुदिना हातानंच तोडला,
दालचिनी चिमूटभर. गरम मसाल्याचा डबा
मागच्या फळीवर रुसून बसला.

ओव्हन नाही. आप्पेपात्र आहे.
सात खळगे, सात गोळे, प्रत्येकाखाली तेलाचा टिपूस,
आणि उलटवायला आईची विणायची सुई,
जिनं आयुष्यात एकच स्वेटर केला, तोही अर्धा.

खरं तर हे जेवण माझं नाहीच.
माझ्याआधीचं आहे. पिरेअसचं.
हा बोटीवर थर्ड इंजिनिअर होता तेव्हाचं.
धक्क्यावरची खाणावळ, तिचं निळं दार,
आणि ते गोळे, "आपल्यासारखे नाहीत गं, हलके."
माझा प्रत्येक खिमा
त्या निळ्या दारापाशी जाऊन उभा राहिला
आणि आतून कडी लागली.

ताटात चार. डॉक्टरांनी चार सांगितले होते.
शेजारी चक्का, टोमॅटो, मिठाच्या पाण्यातून काढलेलं पनीर,
आणि फुलका. ग्रीक असो की आणखी कोणी,
या घरात येईल तो फुलक्याबरोबरच जेवेल.
त्यानं पहिला गोळा मोडला.
मी पंख्याकडे बघत बसले.

"दुधी आहे ना यात?"
आहे.
"चांगलाय."
नुसता चांगला? म्हटलं, तिथल्यासारखा झालाय का ते सांग.

तो फुलक्याची कड मोडत राहिला.
"तिथं मी उतरलोच नव्हतो," म्हणाला.
"पंप बिघडला होता, माझी वॉच होती. बाकीचे सगळे गेले.
मी डेकवर. वारा धक्क्यावरून येत होता.
वास आला. दार दिसत होतं, निळंच होतं, ते खरं.
चव मी नंतर रचली.
जो तो सांगायचा ना, आपापलं काहीतरी."

अडतीस वर्षं
मी एका वासाशी भांडत होते.

रागवायला हवं होतं. वाक्यंही तयार होती, दोन-तीन,
जुनी, धार लावून ठेवलेली.
पण घरभर लिंबू, पुदिना, जरासा करपलेला लसूण,
खिडकी सताड उघडी,
आणि खाली गेटपाशी आमचा वॉचमन, रात्रपाळीचा,
काठी भिंतीला टेकवून
वर बघत उभा. नाक उंच.

मी पाचवा वाढला.
"अगं, डॉक्टर?"
म्हटलं, डॉक्टर तरी कुठं उतरलाय पिरेअसला?
खा.